बारीक टायरची सायकल

गेल्या आठवड्यात एका सकाळी अंबड चौफुलीवर आमची रिक्षा थांबली आणि समोरून उसाची डबल ट्रॉली वळली. यंदाच्या हंगामात मला दिसलेली ही पहिलीच. ट्रॅक्टर आधी दिसत नाही, आधी त्याचं गाणं ऐकू येतं. मग काळा धूर, मग ट्रॅक्टर, मग पहिली ट्रॉली, आणि ती गेली असं वाटेपर्यंत मागची दुसरी, जरा एका अंगाला कललेली. रिक्षातल्या बायका लग्नाच्या साड्यांविषयी बोलत होत्या, त्या बोलत राहिल्या. मी पाय आत ओढून घेतले. पाय आधीपासून आतच होते.

तोडलेल्या उसाचा वास गोड असतो म्हणतात. मला तो गोड लागत नाही. ओलं चिपाड, डिझेल आणि थंडी असा तो वास नाकात शिरतो आणि पोटापर्यंत जातो.

दिवाळी उलटली की आमच्या जिल्ह्यात कापूस आणि ऊस एकदमच रस्त्यावर येतात. कापसाच्या गाड्या पोट फुगवून चालतात आणि रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना पांढरे पुंजके लावून जातात. ते बघायला बरं वाटतं. ऊस मात्र खाली पडतो. एखाददुसरं कांडकं ट्रॉलीतून निसटतं, मागच्या गाड्यांच्या चाकाखाली चेंगरतं, त्याचं चिपाड होतं, त्यावर पहाटेचं दव पडतं. पायी चालणाऱ्याला ते जाणवतसुद्धा नाही. रिक्षावाल्याला नाही, ट्रकवाल्याला तर नाहीच. ज्याचं चाक अंगठ्याएवढं रुंद आहे, त्यालाच ते कळतं.

तीन वर्षांपूर्वीच्या हंगामात माझं चाक तेवढंच रुंद होतं.

मी बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. ओल्या कागदाच्या गुंडाळीत शंभर दाणे ओळीनं मांडायचे, ठरलेल्या दिवशी गुंडाळी उलगडायची आणि मोजायचं: निकोप रोप किती, वेडंवाकडं किती, मेलेलं बी किती. अठरा वर्षं मी हेच मोजते आहे. काम मला आवडतं. त्रास होता तो पोचण्याचा. आम्ही राहतो मस्तगडात, मी आणि माझे वडील, अण्णा. प्रयोगशाळा अंबड रस्त्यावर, शहर संपता संपता. मधे सात किलोमीटर. साडेसातला फाटक बंद. उशीर झाला की अर्धी रजा लागायची, आणि रिक्षा तर भरल्याशिवाय हलायची नाही. आम्ही चारजणी आत बसून पाचवीची वाट बघायचो. ड्रायव्हर म्हणायचा, "निघालोच ताई, एक सीट." ती एक सीट यायला कधी पाच मिनिटं लागायची, कधी वीस. स्कूटी चालवायची मला भीती वाटते. सायकल मात्र लहानपणापासून येत होती, अण्णांनीच शिकवलेली.

त्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला मी ठरवलं, सायकल घ्यायची. हलकी घ्यायची आणि जोरात जायचं.

अण्णा पोस्टमन होते. अंबड तालुक्यातल्या खेड्यांतून त्यांनी एकतीस वर्षं सायकल मारली. काळी, दांडीची, पुढं खाकी पिशवी अडकवलेली. ती अजून आमच्या जिन्याखाली उभी आहे. मला ती दोन्ही हातांनी जेमतेम हलते. सायकल घ्यायची म्हटल्यावर ते म्हणाले, "मी बी येतो."

रफिकभाईंचं दुकान जुन्या जालन्यात, धान्याच्या आडतींच्या मागच्या गल्लीत. तिथं सदानकदा सळ्यांचे टेम्पो उभे असतात. आमच्या शहरात सळ्या बनतात आणि त्या सगळीकडं वाहून नेतात; टेम्पो लहान, सळ्या लांब. बाहेर आलेल्या टोकांना लाल चिंधी बांधलेली असते. तेवढ्यावर सगळं भागतं. त्या चिंध्यांखालून वाकून आम्ही दुकानात शिरलो.

"जयभीम अण्णा. आज इकडं कसं काय?"

"लेकीला सायकल पाह्यजे."

रफिकभाईंनी आधी एकही सायकल दाखवली नाही. मला स्टुलावर बसवलं आणि विचारायला लागले. जायचं कुठं, रोड कसा, सोबत सामान काय, जिन्यावरून चढवायची का, खालीच ठेवायची? मग उठून एकेक सायकल पुढं ओढली. एका सायकलीला पुढं जाडजूड शॉकअप होते, दिसायला रुबाबदार. मी तिच्याकडं बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं.

"ही घेऊ नका. शॉकअपचं वजन फुकट वाहावं लागतं. तुम्ही पायडल दाबलं की निम्मा जोर तिथंच मुरतो. जल्दी जायचंय ना तुम्हाला? मंग फ्रेम अॅल्युमिनियमची पाह्यजे, पुढचा दांडा सरळ, गिअर फक्त मागं. ही बघा. दोन बोटांनी उचला."

राखाडी रंगाची होती. मी मधल्या दांड्याखाली दोन बोटं घातली आणि ती खरंच उचलली गेली. इतकी सहज, की मी घाबरून लगेच खाली ठेवली. मग हसले. पुन्हा उचलली.

"हिला दोन परकारचे टायर बसतात," रफिकभाई म्हणाले. "हे बारीक. हे पळतं बिलकुल हवेसारखं. पण रेती, वलं, चिखल, असं काही आलं की धरत न्हाई. आन् हे मधलं. जरा जड हाय, पण बराबर धरतं. मी तर मधलं सांगतो."

"वेळेत किती फरक पडेल?" मी विचारलं.

"पडंल दोन-तीन मिनिटांचा."

मी बारीक टायर घेतले.

अण्णा सायकलीजवळ आले, सीटवर तळहात ठेवून त्यांनी दाबून बघितलं आणि माझ्याकडं न बघताच म्हणाले, "माझ्या सायकलीवर चढ लागला की समजायचं, चढ हाय. उतार लागला की समजायचं, उतार हाय. हिच्यावर तुला काहीच समजणार न्हाई माय. तू किती जोरात चालली, हे बी न्हाई."

मला वाटलं, म्हातारं माणूस आहे, जुन्या सायकलीवर जीव आहे, म्हणून बोलतं.

पहिल्या दिवशी मला एकतीस मिनिटं लागली. आठवड्यानं पंचवीस. ज्यानं चाळिशीनंतर सायकल मारली नसेल त्याला ते सुख सांगून कळायचं नाही. मस्तगडाचा उतार सोडला की कानात वारं भरायचं. गल्ल्यांतून नुकतंच झाडलोट झालेलं असायचं, ओल्या मातीवर खराट्याच्या रेघा असायच्या आणि त्यांच्यावरून माझं चाक एक बारीक रेघ ओढत जायचं. किराणा दुकानांची शटरं अर्धी वर. कुठं धण्याचा वास, कुठं तेलाच्या पेंडीचा. ज्या रिक्षांनी मला वर्षानुवर्षं बसवून ठेवलं होतं त्या चौकात सीटची वाट बघत उभ्या असायच्या, आणि मी त्यांच्या अंगावरून निघून जायचे. मला हसू यायचं. एकटीच हसायचे.

पंचवीसवरून बावीसवर यायला मला वजन कमी करावं लागलं. माझं नव्हे, सायकलीचं. आधी स्टँड काढला. मग कॅरिअर. मडगार्ड काढल्यावर पाठीवर चिखलाची रेघ उठायची, तरी काढले. घंटी काढली, कारण घंटी वाजवेपर्यंत मी पुढं गेलेली असायचे. मागचा लाल दिवासुद्धा काढला. तो वजनाला काहीच नव्हता. काढत गेलं की काढावंसं वाटतं, एवढंच.

कार्तिक संपत आला होता तेव्हाची गोष्ट. चौफुलीच्या अलीकडं मी सळ्यांच्या टेम्पोमागं होते. त्यानं एकदम ब्रेक मारला. मीही मारला. चाक घसरत गेलं आणि थांबलं तेव्हा लाल चिंधी माझ्या कपाळाला लागत होती. चिंधीच, सळई नाही. सळई चिंधीच्या आत, वीतभर मागं. मी तशीच उभी राहिले, चिंधी कपाळावर घेऊन. टेम्पो निघून गेला. त्या दिवशी मला तेवीस मिनिटं लागली आणि मी दिवसभर त्या एका मिनिटाचीच हळहळ करत होते. घरी सांगितलं नाही. उलट आत कुठंतरी वाटलं, मला काही होत नाही.

मंगल माझ्याच टेबलावर, समोर बसायची. माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. माहेर अंतरवाली सराटीकडचं, शेतीवाडीचं घर. नवरा शहरात औषधाच्या दुकानात कामाला. एक मुलगी, चौथीत. मंगल हळू बोलायची आणि हळूच मोजायची, पण तिचं मोजणं कधी चुकायचं नाही. उशीर मात्र रोज. मुलीची वेणी, डबा, रिक्षा. महिन्यातून तीन-चार वेळा तिची अर्धी रजा जायची आणि ती मान खाली घालून कागद उलगडायला लागायची.

"सायकल घे," मी तिला म्हणाले.

"मला न्हाई जमायचं ताई. लहानपणी चालवल्ती, शेताच्या बांधावर. आता रोडवर म्हणल्यावर धडकीच भरते."

"मी आहे ना."

"तुम्ही तर वाऱ्यावर जाता."

तिनं ते कौतुकानं म्हटलं होतं, आणि मला ते आवडलं. पंधरा दिवस मी तिच्या मागं लागले. तिच्या नवऱ्याशी बोलले, तो लगेच हो म्हणाला. सासूबाई जरा नाराज होत्या, त्यांनाही समजावून आले. मार्गशीर्ष लागला होता. ऊसतोड करणाऱ्यांच्या टोळ्या आल्या होत्या, अंबड रस्त्याच्या कडेला त्यांच्या पालांतून धूर निघायचा आणि दिवसाला कितीतरी ट्रॉल्या आमच्या खिडकीवरून जायच्या. खिडकीची काच थरथरायची, टेबलावरचे दाणे ओळ सोडायचे आणि मंगल ते बोटानं परत ओळीत आणायची.

एका रविवारी तिला घेऊन मी रफिकभाईंकडं गेले. त्यांनी तेच सगळं विचारलं. मंगलनं प्रामाणिकपणे उत्तरं दिली: सवय न्हाई, भीती वाटते, घाई न्हाई, फक्त साडेसातला पोचायचंय.

"मंग तुम्हाला हे रुंद टायरवालं देतो," रफिकभाई म्हणाले. "हळू जाईल पण पाडणार न्हाई."

मंगलनं त्या सायकलीच्या टायरवरून हात फिरवला. तिला ती पसंत होती. मला स्पष्ट दिसलं, पसंत होती.

मी म्हणाले, "रुंद घेतलं तर रोज माझ्या मागं राहशील. मला थांबावं लागेल. घ्यायची तर माझ्यासारखीच घे."

"असं का?" ती म्हणाली.

"हो. दोन दिवसांत सवय होते."

रफिकभाईंनी माझ्याकडं बघितलं. "ताई, त्यांना रुंदच पाह्यजे."

"तिचं मला माहीत आहे," मी म्हणाले.

मंगलनं बारीक टायरची सायकल घेतली. निळी होती.

पहिले दहा-बारा दिवस आम्ही बरोबर गेलो. ती चौफुलीच्या चहाच्या टपरीपाशी थांबायची, मी आले की निघायची. तिच्या वेगानं जाताना मला अठ्ठावीस मिनिटं लागायची. मी सारखी घड्याळ बघायचे. मग हळूहळू मी थोडी पुढं जायला लागले. सोबत म्हणजे अगदी शेजारी चालायचं असं थोडंच आहे, मी स्वतःला म्हणायचे. ती मागं आहे, मी पुढं आहे, रस्ता एकच आहे. पाठीमागून तिच्या चेनची बारीक टरटर ऐकू यायची. कधी ऐकू यायची, कधी नाही.

पौषात अवकाळीचे दोन शिंतोडे पडले आणि लगेच धुई आली. धुकं म्हणण्यासारखं ते हलकं नसतं. आमच्याकडची धुई जमिनीतून उठते, काळ्या रानातून, आणि रस्त्यावर येऊन बसते. त्या दिवशी अण्णा दारात उभे राहून बाहेर बघत होते. समोरचं घर दिसत नव्हतं.

"आज रिक्षानं जा."

"रिक्षा अशात अजून हळू जाते अण्णा."

"जाऊ दे की हळू."

मी निघाले. गल्लीत सगळे आवाज जवळ आल्यासारखे वाटत होते आणि माणसं लांब गेल्यासारखी. नळाचं पाणी, खोकला, कुणाच्यातरी चपलांची फटफट. चौफुलीवर मंगल टपरीच्या भिंतीला सायकल टेकवून उभी होती. स्कार्फ नाकापर्यंत गुंडाळलेला, पापण्यांवर पाण्याचे बारीक थेंब.

"ताई, आज नको. काहीच दिसून न्हाई राह्यलं."

"अगं, गाड्याही हळूच चालल्यात. माझ्या मागं राहा. मला बघत ये."

ती तयार झाली. माझ्यावर तिचा भरवसा होता.

अंबड रस्त्यावर धुई आणखी दाट होती. समोरून दोन पिवळे डाग यायचे, मोठे व्हायचे, घरंगळत बाजूनं जायचे, आणि ते गेल्यावरच कळायचं, ट्रक होता की ट्रॅक्टर. रस्ता ओला. मधूनच चाकाखाली काहीतरी मऊ यायचं, चिपाड, आणि सायकल क्षणभर माझी राहायची नाही. मग पुन्हा डांबर. मी वेग कमी करायला हवा होता. पण दिसत काही नव्हतं आणि सायकल इतकी हलकी, की आपण जोरात चाललो आहोत हेच जाणवत नव्हतं.

मागून हाक आली. "ताई!"

मी ऐकली. तिचा आवाज होता, ओळखीचा, जरा वर गेलेला. माझ्या मागं दिवा नव्हता, मी तिला दिसत नसणार, हे मला त्याच क्षणी कळलं. आणि त्याच क्षणी माझी नजर मनगटावर गेली. मी पहिल्यांदाच वीसच्या आत पोचणार होते.

"ताई, थांबा!"

दुसरी हाक जरा लांबून आली. मी पायडल दाबलं.

फाटकात शिरले, अंगठा लावला, यंत्रानं हिरवा दिवा दाखवला. एकोणीस मिनिटं. फोन लॉकरमध्ये ठेवला, आत फोन नेता येत नाही. हात धुतले आणि टेबलाशी बसले. साडेसात वाजले. फाटक ओढल्याचा आवाज आला. समोरची खुर्ची रिकामी होती.

आली असेल फाटकापर्यंत, मी म्हणाले. रजेचा अर्ज लिहीत असेल. धुईला घाबरून परत गेली असेल. टपरीवर बसली असेल. मी पहिली गुंडाळी उलगडली. सोयाबीन होतं. निकोप, निकोप, वेडंवाकडं, निकोप, मेलेलं. शंभर झाले. दुसरी उलगडली. खिडकीची काच आज थरथरत नाही, हे माझ्या लक्षात आलं. एकही ट्रॉली जात नव्हती. सगळ्या कुठंतरी थांबल्या होत्या. हे लक्षात येऊनही मी तिसरी गुंडाळी उलगडली. मग चौथी. चारशे दाणे मी मोजले, एकही न चुकता, आणि चारशेव्या दाण्यापर्यंत उठले नाही. कारण उठले असते तर मला कळलं असतं.

वॉचमन आत आला तेव्हा त्याला काही बोलावं लागलं नाही.

काय झालं ते मला नंतर समजलं. मी दिसेनाशी झाल्यावर मला गाठायला म्हणून मंगलनं वेग वाढवला. पडलेल्या उसावरून पुढचं चाक गेलं, ऊस फिरला, चाक फिरलं आणि ती रस्त्याच्या आतल्या बाजूला पडली. मागून ट्रॉली येत होती. ती जोरात नव्हती. ट्रॅक्टरवाल्यानं तिला वाचवायला वळवलं, ट्रॅक्टर निघून गेला, पहिल्या ट्रॉलीचं चाक तिच्या उजव्या पावलावरून गेलं. तो ट्रॅक्टरवालाच तिला उचलून दुसऱ्याच्या जीपमधून दवाखान्यात घेऊन गेला. मी पोचले तेव्हा तो जिन्याच्या पायरीवर बसला होता, दोन्ही तळहात उघडे धरून. ते कुठं पुसावेत हे त्याला सुचत नव्हतं.

तिथून तिला संभाजीनगरला नेलं. पाऊल वाचलं नाही. घोट्याच्या वरून काढावं लागलं.

बाराव्या दिवशी तिनं मला आत बोलावलं. खोलीत आम्ही दोघीच होतो. चादर एका बाजूला सपाट होती आणि मी तिकडं बघत नव्हते. तिनं माझा हात धरला. तिचा हात गरम होता.

"ताई, मी हाक मारल्ती. दोनदा. तुम्हाला ऐकू आल्ती का?"

टायरविषयी ती काही विचारेल म्हणून मी तयारी करून गेले होते. पायऱ्यांवर मी मनात शब्द जुळवले होते: चूक माझी, रफिकभाई बरोबर सांगत होते, मी तुला घ्यायला लावली. यासाठी माझी काहीच तयारी नव्हती.

"नाही गं," मी म्हणाले. "धुईत काहीच ऐकू आलं नाही."

तिनं डोळे मिटले. तिचा चेहरा एकदम सैल झाला.

"मला वाटलंच. ऐकू आली असती तर तुम्ही थांबल्याच असत्या."

ते वाक्य तिनं सगळ्यांना सांगितलं. नवऱ्याला, सासूबाईंना, प्रयोगशाळेतल्या बायकांना. ताईंना ऐकू आलं न्हाई. त्यामुळं त्या घरात मला कुणी दोष दिला नाही. उलट मी दर रविवारी जायचे आणि सासूबाई माझ्यासमोर ताट ठेवायच्या. मंगलला नवं पाऊल बसवलं, ती कुबडीवर आणि मग कुबडीशिवाय चालायला शिकली. नोकरी सोडून घरी मुलांच्या शिकवण्या घ्यायला लागली. मी भाजी निवडायचे, तिच्या मुलीचा गृहपाठ बघायचे. तीन वर्षं त्या घरातला जिव्हाळा मी खात होते.

सायकल मी पहिल्याच महिन्यात रफिकभाईंकडं परत नेली होती. मला वाटलं, ते काहीतरी बोलतील. त्यांनी ती भिंतीला टेकवली, बराच वेळ तिच्या टायरकडं बघितलं आणि विचारलं, "ताई, मी त्या दिवशी सांगितल्तं ना? रुंद घ्या म्हणून? मी सांगितल्तं का न्हाई?"

"सांगितलं होतं."

"जोरात सांगायला पाह्यजे होतं," ते म्हणाले. त्यांना झोप लागत नव्हती म्हणे. ते ऐकून माझी मान खाली गेली. ज्याची चूक नव्हती तो माणूस आपली चूक शोधत होता, आणि मी माझी चूक लपवून रविवारचं जेवत होते.

अण्णांनी मला एकदाही म्हटलं नाही, की मी सांगितलं होतं. त्यांनी काहीच विचारलं नाही. फक्त एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली असणार. पौर्णिमेला संध्याकाळी आम्ही दोघं बुद्धांच्या तसबिरीसमोर बसून पंचशील म्हणतो. पहिली तीन शीलं मी त्यांच्या आवाजात आवाज मिसळून म्हणते. चौथं खोटं न बोलण्याचं आहे. तिथं माझा आवाज जातो. तीन वर्षं ते चौथं शील त्यांनी एकट्यानं म्हटलं आणि पाचव्याला मी पुन्हा आत आले. ते कधी थांबले नाहीत, कधी वळूनही बघितलं नाही.

आणि गेल्या आठवड्यात चौफुलीवर ती ट्रॉली दिसली. त्या दिवशी कामावर मी दोनदा मोजायला चुकले. दोन्ही वेळा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. संध्याकाळी घरी न जाता सरळ मंगलकडं गेले. शिकवणी सुटली होती, मुलं गेली होती, ती सतरंजी गुंडाळत होती. "ताई? आज रविवार न्हाई," ती हसून म्हणाली. "बसा. चहा टाकते."

"चहा नको. बस जरा."

ती बसली. मी उभीच राहिले.

"मंगल, तुझी हाक मला ऐकू आली होती."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. ते कळत जाताना मी तिचा चेहरा बघितला आणि तो बघणं मी टाळलं नाही.

"दोन्ही?" तिनं विचारलं.

"दोन्ही."

"मंग?"

"मला वेळेत पोचायचं होतं. वीस मिनिटांच्या आत. दुसरं काही कारण नव्हतं. रोजच्यापेक्षा दोन-तीन मिनिटं आधी पोचायचं, एवढंच."

आतून सासूबाईंच्या कुकरची शिट्टी झाली. मंगल गुंडाळलेल्या सतरंजीचं टोक बोटानं सरळ करत राहिली. ते सरळ झालं तरी करत राहिली.

"मी माझ्या पोरीला सांगितलंय," ती शेवटी म्हणाली. "ताईला ऐकू आलं न्हाई म्हणून. ती मला दर वेळेला विचारते, ताई का थांबल्या न्हाईत."

माफी मागायची म्हणून मी आले होते, पण तो शब्द त्या खोलीत काढायची मला लाज वाटली.

"जा तुम्ही आता," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता.

मी चपला घातल्या. दारात वळून विचारलं, "रविवारी येऊ का?"

"मी बोलवीन," मंगल म्हणाली, आणि भिंतीला धरून उठली. मला दार लावून घेतल्याचा आवाज ऐकू आला.

रात्रीचं जेवण होईपर्यंत अण्णा माझ्याकडं बघत होते. मग मी त्यांनाही सांगितलं. त्यांनी ताटात हात धुतला आणि म्हणाले, "सांगितलं ते बरं केलं. पण आता तिच्याकडून काही मागू नको. माफी बी न्हाई."

त्यालाही आता काही दिवस झाले. एक रविवार गेला. मी घरीच होते. अकराच्या सुमाराला उठून, का कोण जाणे, साडी बदलली, केस विंचरले आणि पलंगावर बसून राहिले. प्रयोगशाळेत विनंती करून मी फोन टेबलावर ठेवायची परवानगी घेतली आहे. दाणे मोजताना तो माझ्या डाव्या हाताशी असतो. बाहेरून ट्रॉल्या जातात, काच थरथरते, दाणे ओळ सोडतात आणि मी ते एकेक करून परत जागेवर आणते. फोन अजून वाजलेला नाही.